"आम्ही दोघेही लबाड आहोत": खऱ्या-खोट्यांची कोडी सोडवायची कशी

उफराटवाडीत दोनच तऱ्हेची माणसं राहतात, सच्ची आणि लबाड. सच्चा माणूस बोलेल ते प्रत्येक वाक्य खरं, लबाड बोलेल ते प्रत्येक वाक्य खोटं. अधलंमधलं काही नाही. थट्टा नाही, "मला तसं म्हणायचं नव्हतं" नाही. कपड्यालत्त्यावरून कोणी ओळखू येत नाही. तुम्ही वेशीपाशी पोचता. पारावर बंडू आणि गणू बसलेत. तुम्ही विचारता, "तुमच्यात सच्चा कोण?" बंडू म्हणतो, "आम्ही दोघेही लबाड आहोत." गणू गप्प.

कोण काय आहे? पुढे वाचण्याआधी उत्तर एका कोपऱ्यात लिहून ठेवा.

तालुक्याच्या एका अभ्यासिकेत मी रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणीचा भाग शिकवतो. नवी मुलं आली की पहिल्या दिवशी फळ्यावर हेच कोडं असतं, आणि दर खेपेला कोणीतरी हात वर करून सांगतं, "सर, दोघेही सच्चे." त्यांची वाट अशी असते: बंडू सच्चा मानला तर त्याचं वाक्य खरं, म्हणजे तो लबाड. हे जमत नाही. म्हणून बंडू लबाड. लबाडाचं वाक्य खोटं. "दोघेही लबाड" खोटं, म्हणजे "दोघेही सच्चे".

पहिली तीन पावलं चोख आहेत, चौथ्याला पाय घसरला. "दोघेही लबाड" हे खोटं पडायला दोघांनी सच्चं असण्याची गरज नाही, एकजण सच्चा असला तरी पुरे. शिवाय बंडू लबाड हे आपण दोन ओळींपूर्वीच मिळवलं होतं, तेही गडबडीत हातचं सुटलं. बरोबर उत्तर: बंडू लबाड, आणि ज्याने तोंडही उघडलं नाही तो गणू सच्चा.

या जातीची कोडी लोकप्रिय केली ती अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन (1919–2017) यांनी. तर्कशास्त्रज्ञ तर ते होतेच, शिवाय जादूगार आणि पियानोवादकही. 1978 साली आलेल्या त्यांच्या कोड्यांच्या पुस्तकात असं एक अख्खं बेट आहे. कल्पना त्याहून जुनी. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञांचं सच्चे-लबाडांचं एक कोडं 1931 साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं होतं. आपल्याकडे ही मंडळी भेटतात ती मुख्यतः राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात आणि कॅट या एमबीए प्रवेश परीक्षेच्या तयारीत, आणि तिथे घड्याळ चालू असतं.

एकाच नावेतले दोघे

सगळ्या पद्धतीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बोलणारा आणि त्याचं वाक्य एकाच नावेत बसलेले असतात. तरले तर दोघे, बुडाले तर दोघे. बंडू सच्चा असेल तर वाक्य खरं, आणि वाक्य खरं असेल तर बंडू सच्चा. दुसरी बाजू मुलं विसरतात. एखाद्याचं वाक्य खरं आहे हे दुसरीकडून कळलं, की तो सच्चा हे त्याच क्षणी ठरलं.

यातून काही गोष्टी आयत्या मिळतात. "मी लबाड आहे" हे वाक्य उफराटवाडीत कोणीच उच्चारू शकत नाही: सच्च्यासाठी ते खोटं, लबाडासाठी ते खरं. त्यामुळे बंडू काहीतरी पुटपुटला आणि सखूने सांगितलं, "तो म्हणाला की मी लबाड आहे," तर सखू लबाड. बंडूचं काय ते कळो न कळो. उलट "मी सच्चा आहे" हे कोणीही म्हणू शकतो, म्हणून त्यात माहिती शून्य. कोड्यात असं वाक्य दिसलं की त्यावर रेघ मारून पुढे जा. ते बहुधा तुमचा वेळ खायलाच ठेवलेलं असतं.

आता दुसऱ्याविषयीची वाक्यं. बंडू म्हणाला, "गणू लबाड आहे." बंडू सच्चा असेल तर गणू लबाड, बंडू लबाड असेल तर गणू सच्चा. काहीही असो, दोघे वेगळे. तसंच "गणू सच्चा आहे" असं म्हटलं तर दोघे सारखे. कागदावर मी पहिल्यासाठी "बं ≠ ग" आणि दुसऱ्यासाठी "बं = ग" एवढंच लिहितो. कोण खरा कोण खोटा हे न ठरवताच वाक्याचा सगळा रस निघतो, आणि डोक्यात "तो खोटा असेल तर तो खोटं बोलतोय की तो खोटा आहे" अशी गरगर होत नाही.

याचा गंमतीचा उपयोग पाहा. रिंगण करून 9 माणसं बसलीत आणि प्रत्येकजण म्हणतो, "माझ्या उजवीकडचा लबाड आहे." लबाड किती? प्रत्येक शेजारी वेगळा, म्हणजे सच्चा, लबाड, सच्चा, लबाड असं फिरत जायचं. 9 जणांत हे जमतच नाही. नववा आणि पहिला सारखेच येतात. म्हणजे असं रिंगण उफराटवाडीत बसूच शकत नाही. 10 जण असते तर बरोबर 5 लबाड, मात्र कोणते 5 ते सांगता आलं नसतं.

आणखी एक वाक्य ओळखून ठेवण्याजोगं आहे. बंडू म्हणतो, "मी आणि गणू एकाच तऱ्हेचे आहोत." बंडू सच्चा असेल तर गणूही सच्चा. बंडू लबाड असेल तर दोघे वेगळे, म्हणजे पुन्हा गणू सच्चाच! बंडूबद्दल मात्र काही म्हणजे काही कळत नाही. पर्यायांमध्ये "सांगता येत नाही" दिसला की तो भरतीचा आहे असं समजू नका. अशा ठिकाणी तोच बरोबर असतो. "आम्ही दोघे वेगळे आहोत" याचा निष्कर्ष तुम्हीच काढा. दोन ओळींत निघतो.

तिघे बोलायला लागले की

बंडू: "गणू लबाड आहे."
गणू: "सखू लबाड आहे."
सखू: "बंडू आणि गणू दोघेही लबाड आहेत."

इथे पहिलं काम म्हणजे कोड्याची अट पुन्हा वाचणं. फक्त दोन तऱ्हा आहेत ना? "प्रत्येक तऱ्हेचा एक तरी आहे" असं काही म्हटलंय का? ती अट नसताना मनाने धरून चालणारे पुष्कळ असतात.

दुसरं काम, प्रत्येक वाक्य आखूड करून लिहिणं. पहिल्यावरून बं ≠ ग. दुसऱ्यावरून ग ≠ स. तऱ्हा दोनच असल्याने बं = स.

तिसरं काम, कुठून सुरुवात करायची ते ठरवणं. घाईत मुलं पहिल्या नावापासून सुरू करतात, आणि ते नेहमीच सोयीचं नसतं. ज्याच्या वाक्याबद्दल आधीच काही कळलंय तो धरावा. इथे सखू. ती म्हणते दोघेही लबाड. पण बंडू आणि गणू वेगळे आहेत हे हाती आहे, म्हणजे दोघेही लबाड असूच शकत नाहीत. वाक्य खोटं, म्हणून सखू लबाड. बंडू तिच्यासारखा, तोही लबाड. गणू सच्चा.

चौथं काम टाळलं जातं, आणि तिथेच गुण जातात. उत्तर तिन्ही वाक्यांत परत घालून पाहा. लबाड बंडू म्हणतो गणू लबाड: खोटं, जमलं. सच्चा गणू म्हणतो सखू लबाड: खरं, जमलं. लबाड सखू म्हणते दोघेही लबाड: गणू सच्चा असल्याने खोटं, जमलं. दहा सेकंदांचं काम.

असा सोयीचा धागा दिसला नाही तर मग गृहीत धरून चालायचं. एकाला सच्चा माना आणि शेवटपर्यंत जा. विसंगती आली तर तो लबाड. विसंगती आली नाही तर? इथे थांबायचं नाही. विसंगती न येणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. फक्त ती वाट खुली आहे एवढंच कळलं. दुसरी वाटही चालून पाहावी लागते. तीही खुली निघाली तर दोन्ही वाटांत जे समान असेल तेवढंच खात्रीने सांगता येतं, जसं वरच्या "एकाच तऱ्हेचे" या वाक्यात गणू सच्चा हे सांगता आलं.

सगळ्या शक्यतांचा तक्ता मांडायचा म्हटलं तर तिघांसाठी 8 ओळी, चौघांसाठी 16, पाच जणांसाठी 32. तिघांपर्यंत मी तक्त्याला नाक मुरडत नाही, चुकण्याचा धोका त्यात कमी. चौघांपासून पुढे मात्र ≠ आणि = वापरून ओळी आधी छाटून घ्या. चौघांत बं ≠ ग एवढं एक कळलं तरी 16 च्या 8 होतात.

खोट्याचं उलट: इथे मराठी जपून वाचावी लागते

बंडू-गणूच्या कोड्यात पाय घसरला तो वाक्य उलटं करताना. लबाडाचं वाक्य हाती आलं की त्याचं उलट वाक्य पूर्ण लिहून काढायची सवय लावा, मनात नको. "दोघेही लबाड" याचं उलट "एक तरी सच्चा". "एक तरी लबाड" याचं उलट "दोघेही सच्चे". "आमच्यात एकच लबाड" याचं उलट, दोघांच्या बाबतीत, "दोघे सारखे". "आणि"ने जोडलेलं वाक्य खोटं पडायला एक बाजू पडली तरी चालते. "किंवा"ने जोडलेलं खोटं पडायला दोन्ही बाजू पडाव्या लागतात.

"किंवा"वरून धर्मराजाची आठवण येतेच. "नरो वा कुंजरो वा." अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मेला होता, त्यामुळे "माणूस किंवा हत्ती" हे वाक्य तर्काच्या काट्यावर खरंच ठरतं. ते ऐकून द्रोणांचा गैरसमज झाला, पण उफराटवाडीत गैरसमजाला दंड नाही. तिथे धर्मराज सच्च्यांतच बसतो. कोडी सोडवताना बोलणाऱ्याच्या हेतूत शिरू नका, वाक्याचा शब्दार्थ तेवढा धरा.

"सगळे" या शब्दाचाही फास बसतो. प्राचीन ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचा एपिमेनिडीस म्हणाला, "क्रीटचे सगळे लोक लबाड आहेत," आणि तो स्वतः क्रीटचाच. हा न सुटणारा विरोधाभास म्हणून सांगितला जातो, पण आपल्या नियमांनी तो सरळ सुटतो. एपिमेनिडीस सच्चा असू शकत नाही. तो लबाड, म्हणजे "सगळे लबाड" खोटं, म्हणजे क्रीटवर कुठेतरी एक तरी सच्चा माणूस आहे. बस. खरी अडचण येते ती बेटावर तो एकटाच राहत असेल तेव्हा.

आता आपल्या भाषेची एक खोड. "सगळे लबाड नाहीत" याचा अर्थ काय? काही लबाड आहेत, काही नाहीत, असा? की एकही लबाड नाही, असा? बोलताना सुरावरून कळतं, छापील वाक्यात सूर नसतो. इंग्रजीतून घाईने उतरवलेल्या प्रश्नांत अशी वाक्यं सापडतात आणि एकाच प्रश्नाला दोन उत्तरं होतात. मूळ इंग्रजी प्रश्न शेजारी छापलेला असेल तर तो बघा. स्वतः कोडं रचत असाल तर "सगळेच लबाड नाहीत" किंवा "एकही लबाड नाही" असं लिहा. तो एक "च" सगळा घोळ मिटवतो.

"आम्ही" आणि "आपण" यांचंही तसंच. बंडू वाटसरूला म्हणाला "आमच्यात एक तरी लबाड आहे", तर मोजणी बंडू-गणूची. तोच "आपल्यात एक तरी लबाड आहे" म्हणाला तर तुम्हीही मोजणीत आलात, आणि कोडं बदललं! इंग्रजीत हा फरकच नाही, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपण मात्र तो हक्काने वापरू शकतो.

या बारक्या शब्दांवर किती काही अवलंबून असतं ते बघायचं तर 10 जणांची एक रांग उभी करा. पहिला म्हणतो, "आमच्यात एकच लबाड आहे." दुसरा म्हणतो, "दोनच लबाड आहेत." तिसरा "तीनच", असं करत दहावा "दहाच". ही दहा वाक्यं एकमेकांना छेद देतात, त्यामुळे फार तर एकच खरं असेल. एकही खरं नाही असं धरलं तर दहाही लबाड, आणि मग दहाव्याचं वाक्य खरं होऊन बसतं. म्हणून नेमकं एक खरं, 9 लबाड, आणि सच्चा कोण तर "नऊच" म्हणणारा नववा.

आता "च" काढून "तरी" घाला. पहिला: "एक तरी लबाड आहे." दुसरा: "दोन तरी लबाड आहेत." दहावा: "दहा तरी." लबाडांची संख्या काही का असेना, त्या संख्येपर्यंतच्या सगळ्यांची वाक्यं खरी आणि पुढच्यांची खोटी. म्हणजे पुढचा भाग हाच लबाडांचा. लबाड 3 असते तर पहिले तिघे सच्चे आणि उरलेले 7 लबाड निघाले असते, जमत नाही. दोन्ही भाग सारखे असतील तरच जमतं: पहिले 5 सच्चे, शेवटचे 5 लबाड. "च" होता तेव्हा 9 लबाड, "तरी" आला तर 5. रांगेत 9 किंवा 11 जण असते तर "तरी"चं कोडं अशक्यच ठरलं असतं.

जर-तर

इथे वर्गात दरवर्षी वाद होतो. बंडू म्हणतो, "मी सच्चा असेन तर माझ्या परड्यात पाच फणस आहेत."

नियम असा: जर-तरचं वाक्य खोटं पडतं ते एकाच परिस्थितीत, "जर" खरं निघालं आणि "तर" खोटं निघालं तेव्हाच. "जर"च खोटं असेल तर वाक्य खरं धरतात.

"सर, हे काही पटत नाही," मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं. "जर खोटं असेल तर वाक्य खोटं का नाही?"

"मी तुला म्हटलं, पाऊस आला तर भजी करीन. पाऊस आलाच नाही, मी भजी केली नाहीत. मी खोटं बोललो का?"

"नाही."

"मग उरलेल्या दोनच शक्यता आहेत की नाही, खरं किंवा खोटं? खोटं नाही तर काय?"

ती पूर्ण पटलेली दिसली नाही, आणि तिचं चूक नव्हतं. रोजच्या बोलण्यात आपण अशा वाक्याला खरंही म्हणत नाही, सोडून देतो. तर्कात सोडून देण्याची सोय नसते, म्हणून हा करार.

आता बंडू लबाड आहे असं माना. "मी सच्चा असेन" खोटं, म्हणून अख्खं वाक्य खरं. लबाड खरं बोलला, विसंगती. म्हणजे बंडू सच्चा. मग वाक्य खरं, "जर"ही खरं, म्हणून "तर" खरंच असायला हवं. परड्यात पाच फणस आहेत.

नुसत्या बोलण्याने झाडं उगवली की काय? नाही. परड्यात पाच फणस नसते तर बंडूला हे वाक्य उच्चारताच आलं नसतं, जसं "मी लबाड आहे" उच्चारता येत नाही. तो बोलू शकला यावरून झाडांचा पत्ता लागला.

एकच खरं बोलतोय

परीक्षेत याहून जास्त भेटतो तो वेगळा नमुना. माणसं सच्ची-लबाड नसतात, पण किती वाक्यं खरी ते दिलेलं असतं. दिवाळीत चकल्यांचा डबा एकाच पोराने रिकामा केलाय. बंडू: "गणूने खाल्ल्या." गणू: "राजूने खाल्ल्या." सखू: "मी नाही खाल्ल्या." राजू: "गणू खोटं बोलतोय." चौघांत एकाचंच वाक्य खरं आहे.

प्रत्येकाला चोर धरून चार तपासण्या करता येतात, पण थांबा. आधी एकमेकांच्या थेट विरुद्ध बोलणारी जोडी शोधा. गणू आणि राजू. त्यांतलं नेमकं एक खरं असणारच. खऱ्याचा कोटा तिथेच संपला, म्हणून बंडू आणि सखू दोघांचीही वाक्यं खोटी. सखू म्हणते "मी नाही", ते खोटं. चकल्या सखूने खाल्ल्या.

अट बदलून "एकाचंच वाक्य खोटं आहे" असं केलं तर? तीच जोडी, पण आता खोट्याचा कोटा तिथे संपला. बंडू आणि सखू खरे. चोर गणू. वाक्यं तीच, अटीतला एक शब्द बदलला आणि धपाटा दुसऱ्याच्या पाठीत.

लहरी माणूस

काही कोड्यांत तिसरी तऱ्हा असते: मनाला येईल तेव्हा खरं, मनाला येईल तेव्हा खोटं. मी त्याला लहरी म्हणतो. लहरी आला की = आणि ≠ ची सोय गेली, कारण "गणू लबाड आहे" यावरून आता "वेगळे" एवढं ठामपणे म्हणता येत नाही. गृहीत धरून चालायचं, तेही सर्वांत कमी फाटे फुटतील अशा जागेपासून.

बंडू, गणू, सखू यांच्यात एक सच्चा, एक लबाड, एक लहरी. बंडू: "सखू लबाड आहे." गणू: "बंडू सच्चा आहे." सखू: "मी लहरी आहे."

स्वतःबद्दल बोलणारी सखू, तीच खुंटी. सच्चा माणूस "मी लहरी" म्हणणार नाही, म्हणून ती लबाड किंवा लहरी. लहरी धरा: मग बंडूचं वाक्य खोटं, बंडू लबाड, उरला गणू सच्चा, पण तो लबाड बंडूला सच्चा म्हणतोय. मोडलं. म्हणून सखू लबाड. बंडूचं वाक्य खरं, पण त्यावरून तो सच्चा असं घाईने लिहू नका, लहरीही खरं बोलू शकतो. तो लहरी असता तर गणू सच्चा, आणि सच्चा गणू लहरी बंडूला सच्चा म्हणाला नसता. म्हणून बंडू सच्चा, गणू लहरी.

कॅटच्या धर्तीच्या प्रश्नांत लहरीऐवजी आळीपाळीने बोलणारा असतो: एक खरं, एक खोटं, पुन्हा एक खरं. तो उलट सोपा. एकाच माणसाची लागोपाठची दोन वाक्यं दोन्ही खरी किंवा दोन्ही खोटी निघाली, की तो आळीपाळीचा नाही हे ठरलं.

विचारायची पाळी तुमची

इथवर आपण ऐकत होतो. आता उफराटवाडीबाहेर रस्त्याला फाटा फुटलाय, एक रस्ता एसटी स्टँडला जातो, एक जंगलात. फाट्यावर एकच माणूस आहे, सच्चा की लबाड माहीत नाही, आणि हो-नाहीचा एकच प्रश्न विचारता येतो.

"डावा रस्ता स्टँडला जातो का?" विचारून उपयोग नाही. युक्ती अशी की लबाडाला दोनदा खोटं बोलायला लावायचं, म्हणजे उणे-उणे अधिक होतं. प्रश्न असा: "डावा रस्ता स्टँडला जातो का, असं मी विचारलं असतं, तर तुम्ही 'हो' म्हणाला असता का?" डावा बरोबर असेल तर सच्चा "हो" म्हणतो. लबाड मूळ प्रश्नाला "नाही" म्हणाला असता, पण "हो म्हणाला असता का" यालाही त्याला खोटंच उत्तर द्यायचंय, म्हणून तोही "हो" म्हणतो. डावा चुकीचा असेल तर दोघेही "नाही".

दोन पहारेकऱ्यांची जी गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, "दुसरा काय सांगेल?" असं विचारायचं आणि उत्तराच्या उलट जायचं, ती याहून लंगडी आहे. तिला नेमका एक सच्चा आणि एक लबाड लागतो, आणि दोघांना एकमेकांची तऱ्हा माहीत असावी लागते. वरचा प्रश्न कोणालाही चालतो.

तो किती टिकाऊ आहे हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलोस यांनी 1996 साली मांडलेल्या कोड्यात दिसतं. त्याला त्यांनी आजवरचं सर्वांत अवघड तर्ककोडं म्हटलं, आणि श्रेय स्मलियन यांना दिलं. तीन देव: एक सच्चा, एक लबाड, एक लहरी. कोणता देव कोण ते ओळखायचं. प्रश्न तीनच, प्रत्येक एकाच देवाला. त्यात देव उत्तर देतात ते त्यांच्या भाषेत, "दा" किंवा "जा", आणि यातलं हो कोणतं, नाही कोणतं, हे तुम्हाला ठाऊक नाही. (मराठी कानाला "जा" म्हणजे हाकलून दिल्यासारखंच वाटतं.)

तरी फाट्यावरचा प्रश्न चालतो. "मी तुम्हाला अमुक विचारलं तर तुम्ही 'दा' म्हणाल का?" अमुक खरं असेल तर सच्चा आणि लबाड दोघेही "दा" म्हणतात, मग "दा"चा अर्थ हो असो की नाही. अमुक खोटं असेल तर दोघेही "जा". सच्चा-लबाड गुणिले दोन अर्थ, अशा चार ओळी कागदावर मांडून पाहा, प्रत्येक ओळ जमते.

उरला तो लहरी. म्हणून पहिला प्रश्न लहरी नसलेला देव हुडकायला खर्च करायचा. मधल्याला विचारा: "डावीकडचा लहरी आहे का असं मी विचारलं, तर तुम्ही 'दा' म्हणाल का?" "दा" आलं तर उजवीकडचा लहरी नाही, "जा" आलं तर डावीकडचा लहरी नाही. मधलाच लहरी निघाला तर? मग बाकी दोघांतला कोणीही चालतो, त्यामुळे त्याच्या उत्तराने बिघडत काहीच नाही. आता तुमच्यापुढे भरवशाचा एक देव आहे आणि हातात दोन प्रश्न. ते दोन्ही त्यालाच विचारायचे. काय विचारायचं ते तुम्ही ठरवा.